‘नामांकित’ हायफन आणि तुलेतला ‘कोलेट’

रेग्युलर एक्स्प्रेशनमधील, म्हणजे मजकुरातून ठरावीक नमुन्याची अक्षरे शोधण्याच्या संगणकी सूत्रातील, ‘नेम्ड कॅरेक्टर’ला ‘नामांकित वर्ण’ आणि ‘कोलेटिंग एलिमेंट’ला ‘संकलन घटक’ म्हणावे काय, असा प्रश्न आला आहे. दोन्ही म्हणू नये. नामांकित वकील असतो, नामांकित वैद्य असतो. या सूत्रात चौकटी कंसातल्या चिन्हांपैकी कोणतेही एक जुळले तरी चालते; त्या कंसात सुटी आडवी रेघ ‘पासून-पर्यंत’ अशी वाचली जाऊ नये म्हणून दोन टिंबांमध्ये तिचे ‘हायफन’ हे नाव लिहिले, एवढ्याने ती रेघ नामांकित होत नाही. ‘नामनिर्दिष्ट चिन्ह’ म्हणावे.

‘संकलन’ ही चूक अधिक खोल आहे, कारण ती ‘कोलेट’ला ‘कलेक्ट’ समजणाऱ्यांची आहे. ‘एकत्र आणणे, ताडून पाहणे’ या अर्थाच्या लॅटिन ‘कॉन्फेरे’ क्रियापदाचे धातुसाधित ‘कोलातुस’, आणि त्यावरून ‘कोलेट’. आपल्या ‘जाणे’चे भूतकाळी ‘गेला’ होते, तसे लॅटिन ‘फेरे’चे ‘लातुस’ होते. म्हणजे एकाच क्रियापदात दोन निराळे धातू नांदतात. त्यांतला ‘फेरे’ हा संस्कृत ‘भृ’चा सगोत्र, तर ‘लातुस’ मूळचे ‘त्लातुस’, आणि उचलणे-पेलणे या अर्थाच्या त्याच्या कुळातच आपली ‘तुला’, ‘तोलणे’ आणि ‘तुलना’ येतात! परिभाषा व्युत्पत्तीवर नव्हे, रूढीवर चालते, असे बजावणाऱ्यांनी रूढी तरी पाहावी. पुण्याच्या भांडारकर संस्थेने 1966 साली पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी पोथ्या एकमेकींशी ताडून पाहिल्या, त्या कामाला इंग्रजीत ‘कोलेशन’च म्हणतात, नुसते संकलन केले असते, तर हाती पोथ्यांचा ढीग उरला असता.

म्हणून ‘तुलनाघटक’ म्हणावे: अनुक्रम लावताना एकसंध म्हणून तोलला जाणारा घटक, मग तो एका चिन्हाचा असो वा अनेक. स्पॅनिश कोशांत 1994 पर्यंत सी-एच ही जोडी स्वतंत्र अक्षर मानून सीच्या सगळ्या शब्दांनंतर लावत. चेक भाषेत ती आजही एचनंतर येते. आपल्या वर्णमालेत ‘क्ष’ हा ‘ह’ आणि ‘ळ’ यांच्यामागून एकटा उभा असतो, पण संगणकाच्या लेखी तो क, हलन्तखूण आणि ष असा तिघांचा मेळ आहे, त्यामुळे साधा [क्ष] हा कंस त्या तिघांपैकी कोणाही एकाशी जुळतो आणि ‘कमळ’ या शब्दातही त्याला सावज मिळते. पॉझिक्स या युनिक्स-धर्तीच्या संगणकप्रणालींच्या प्रमाणकाच्या नियमांत यावर [[.क्ष.]] हा उपाय आहे, मात्र चालू लोकेलने (भाषा-प्रदेशानुसार संगणकाला दिलेल्या संकेतांच्या संचाने) ‘क्ष’ हा तुलनाघटक म्हणून आधी जाहीर केलेला असला पाहिजे, नाहीतर ही मांडणी अवैध ठरते.