मुलीला रेडिओथेरपीत एमडीची जागा मिळतेय. 'शेक देणाऱ्या' डॉक्टरांना पुढे वाव असतो का?

जागा सोडू नका. रेडिओथेरपी विभागात, म्हणजे कॅन्सरवर किरणांनी उपचार होतात तिथे, टेक्नॉलॉजिस्ट म्हणून माझी २६ वर्षं गेली, म्हणून ठामपणे सांगतो.

पेशंट 'शेक घेतला', 'लाइट घेतली' म्हणतात, त्यामुळे लोकांना हे नुसतं बटणाचं काम वाटतं. बटण आम्ही दाबतो. घशातल्या गाठीला पुरेसा डोस मिळावा आणि मागचा मज्जारज्जू मात्र वाचावा, हे गणित डॉक्टर फिजिसिस्टबरोबर बसून सोडवतात. तिथे कस लागतो.

वावाचं विचारलंत, तर मुलीला डॉ. केतायून दिनशॉ यांच्याबद्दल सांगा. जन्म १९४३ चा, कोलकात्याचा. एमबीबीएस वेल्लोरला, रेडिओथेरपीचं शिक्षण इंग्लंडात. १९७४ मध्ये त्या परळच्या टाटा मेमोरियलमध्ये आल्या. कॅन्सर म्हटलं की सर्जनचा शब्द शेवटचा, असा तो काळ. १९८१ मध्ये त्या विभागप्रमुख झाल्या, १९९५ मध्ये अख्ख्या हॉस्पिटलच्या संचालक. २००१ मध्ये पद्मश्री मिळाली आणि २००८ पर्यंत त्यांनी कारभार पाहिला. सर्जरी, केमो आणि रेडिएशनवाल्यांनी मिळून उपचार ठरवायचे, हा त्यांचा आग्रह होता.

भाभा अणुसंशोधन केंद्राने बनवलेलं 'भाभाट्रॉन' हे देशी कोबाल्ट मशीन (किरणोत्सारी कोबाल्टच्या किरणांनी उपचार करणारं) २००५ मध्ये टाटाच्याच खारघर केंद्रात बसलं, तेही त्यांच्याच कारकिर्दीत. आमच्यासारख्यांना याचं मोल कळतं. कोबाल्टचा स्रोत सव्वापाच वर्षांत निम्म्यावर येतो, मग त्याच डोसाला दुप्पट वेळ लागतो आणि बाहेरची रांग वाढत जाते. मशीन परवडणारं हवं, ते यासाठी.

पण मला त्यांच्याबद्दल सर्वात जास्त आदर वाटतो तो वेगळ्याच कामासाठी. १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटाने सुमारे दीड लाख बायकांवर एक मोठा अभ्यास चालवला. दहावी शिकलेल्या बायकांना चार आठवडे प्रशिक्षण देऊन, सौम्य ॲसेटिक ॲसिड लावून गर्भाशयमुखाची तपासणी करायला शिकवलं. डॉ. सुरेंद्र शास्त्री या कामात पुढे होते, दिनशॉही त्यांच्यासोबत होत्या. तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. हा निकाल २०१३ मध्ये जाहीर झाला, तेव्हा बाई हयात नव्हत्या. २०११ मध्येच गेल्या.

फक्त प्रवेश पक्का करण्याआधी मुलीला घेऊन कॉलेजात एक चक्कर मारा. लिनॅक (विजेवर किरण तयार करणारं मशीन) चालू आहे का, ब्रेकीथेरपी (गाठीत किंवा तिच्या अगदी जवळ स्रोत ठेवून दिलेलं रेडिएशन) नियमित होते का, फिजिसिस्ट किती आहेत, हे तिथल्या रेसिडेंटना विचारा.