महामार्ग रुंद होतोय : हरकत कुठे द्यायची, मागणी कुठे?

प्रश्न : गावाजवळच्या दुपदरी राष्ट्रीय महामार्गाचं चौपदरीकरण होणार आहे. पेपरात भूसंपादनाची जाहिरात आली. ग्रामसभेनं ‘रस्त्याला आमचा विरोध आहे’ असा ठराव तहसीलदारांना दिला. एवढ्यानं भागेल का? (शेतकरी वाचक, सोलापूर जिल्हा)

उत्तर : भागणार नाही. जमिनीची हरकत आणि रस्त्याच्या आराखड्यातली मागणी यांची दारं वेगळी आहेत.

राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ च्या कलम ३ए ची (जमीन घेण्याचा इरादा सांगणारी) अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून २१ दिवसांत जमिनीत हितसंबंध असलेल्या कोणालाही ३सी खाली लेखी हरकत घेता येते. ती सक्षम प्राधिकाऱ्याकडे द्यायची. आपल्याकडे बहुधा प्रांताधिकारी किंवा भूसंपादन अधिकारी. पेपरातली जाहिरात पुष्कळदा राजपत्रानंतर येते, म्हणून दिवस राजपत्राच्या तारखेपासूनच मोजा. प्रत्येक खातेदारानं स्वतःच्या नावानं गट क्रमांक, जाणारं क्षेत्र आणि कारण लिहावं, समक्ष सुनावणी मागावी, आवक क्रमांकासह पोच घ्यावी. सुनावणी हा कायद्यानं दिलेला हक्क आहे. ‘दर कमी आहे’ ही हरकत इथे टिकत नाही, कारण ३सी खाली जमिनीच्या वापराबद्दलचंच म्हणणं ऐकतात. मोबदल्याचं म्हणणं ३जी च्या (मोबदला ठरवण्याच्या) नोटिशीनंतर. ३डी ची घोषणा झाली की जमीन केंद्र सरकारकडे जाते.

भुयारी मार्ग, सेवा रस्ता, मोरी, बसथांबा यांसाठी राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या प्रकल्प संचालकांना लिहा. काम बांधकाम खात्याच्या राष्ट्रीय महामार्ग विभागाकडे असेल तर कार्यकारी अभियंत्यांना. तेही डीपीआर (सविस्तर प्रकल्प अहवाल) तयार होत असतानाच. एकदा कंत्राट झालं की कोणतं बांधकाम कुठे, हे कराराच्या ‘शेड्यूल बी’ या परिशिष्टात ठरून जातं. पुढचा बदल ‘चेंज ऑफ स्कोप’ (कामाच्या व्याप्तीतला बदल) म्हणून जातो, त्याला वाढीव पैसा आणि वरची मंजुरी लागते. कितीतरी गावं दुभाजक बांधून झाल्यावर जागी होतात, याचं फार वाईट वाटतं.

ठरावात ‘भुयारी मार्ग हवा’ एवढंच नको. ‘किमी ४२+३०० येथे हवा’ असा चेनेज (रस्त्यावरचं किमी-मीटरमधलं नेमकं ठिकाण) द्या. सोबत बाजाराच्या एका आणि साध्या एका दिवसाची, सकाळी ६ ते संध्याकाळी ६ मोजणी जोडा : पादचारी, शाळकरी मुलं, दुचाकी, बैलगाड्या, ट्रॅक्टर-ट्रॉल्या, गुरं, प्रत्येकाचा आकडा वेगळा. गाळपाच्या हंगामात मोजलं तर उत्तम. भरलेल्या उसाच्या ट्रॉलीची जमिनीपासूनची उंची टेपनं मोजून लिहा. हलक्या वाहनांच्या बुटक्या बोगद्यात ट्रॉली अडकली, तर माणसं पुन्हा महामार्गावर उलट्या दिशेनं ट्रॅक्टर घालतात आणि अपघात तिथेच होतात. मोठ्या वाहनांच्या भुयारी मार्गाला ५.५ मीटर उंची धरतात.

पाण्याचंही असंच. भराव बांधासारखा पाणी अडवतो. मोरी नाल्याच्या धारेवर नसेल किंवा तोंड अरुंद असेल, तर वरच्या अंगाची शेतं तुंबतात. पावसाळ्यातले फोटो आणि पुराच्या पाण्याची खूण गट क्रमांकासह द्या.

प्रश्न : जनसुनावणी होणारच ना?

उत्तर : नेहमी नाही. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेत नंतर झालेल्या बदलानुसार, राष्ट्रीय महामार्गाचं रुंदीकरण १०० किमीपेक्षा लांब असेल आणि जुन्या रेषेवर ४० मीटरपेक्षा, वळणरस्त्यावर ६० मीटरपेक्षा जास्त वाढीव रुंदी घेणार असेल, तरच पर्यावरण मंजुरी लागते, आणि जनसुनावणी त्या मंजुरीच्या प्रक्रियेतच होते. सुनावणी असली तर प्रदूषण नियंत्रण मंडळ किमान ३० दिवस आधी सूचना देतं. पर्यावरण आघात अहवालाचा सारांश मराठीतही ठेवावा लागतो. तो जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत मिळतो. सगळ्या कामकाजाचं चित्रीकरण होतं. शेवटी मुद्दे वाचून दाखवतात, तोवर उठू नका. तुमचा मुद्दा गाळला असेल तर तिथेच नोंदवून घ्या. सुनावणी नसेल तर माहिती अधिकारात १० रुपये भरून ‘प्लॅन अँड प्रोफाईल’ (रस्त्याची रेषा आणि उंची दाखवणारे नकाशे) आणि बांधकामांची यादी मागा.

प्रश्न : संयुक्त मोजणीच्या दिवशी काय पाहावं?

उत्तर : विहीर, बोअर, झाडं, गोठा, जमिनीखालची पाइपलाइन पंचनाम्यात आली का ते. कोऱ्या कागदावर सही नको. पाइपलाइन रस्ता ओलांडत असेल तर भराव पडण्याआधीच ह्यूम पाइप (सिमेंट काँक्रीटचा नळ) टाकून देण्याची लेखी मागणी करा. नंतर तयार रस्ता फोडायला परवानगी मिळणं कठीण.