नरडं, घसा, गळा अन् कंठ हे सगळं एकच आहे का?

प्रश्न हिंगणघाटकडच्या एका ताईंचा आहे, थोडक्यात सांगतो. त्यांच्या कालवडीनं आंब्याची कोय गिळली, ती अटकली, तोंडातून लाळ अन् पोट फुगायला लागलं. आजीनं गल्लीभर सांगितलं, "कालवडीच्या नरड्यात कोय अटकली वं माय!" जनावराचे डॉक्टर आले तर ते म्हणाले, नरड्यात नाही हो, नरड्यात अटकली असती तर मी येईपर्यंत जनावर उरलंच नसतं. कोय निघाली, कालवड बरी आहे, पण ताई विचारून राहिल्या की मग नरडं म्हणजे नेमकं काय, अन् घसा, गळा, कंठ हे त्याचेच दुसरे शब्द का? सोबत अजून दोन प्रश्न आहेत, घटसर्प हा म्हशीचा रोग की माणसाचा, अन् गाईला पडजीभ असते का.

तर ताई, हे चारही शब्द मानेच्या एवढ्याशा जागेत गोळा झालेले आहेत म्हणून एकच वाटतात, पण बोलताना आपण ते कुठं वापरतो अन् कुठं अजिबात वापरत नाही हे पाहिलं तर फरक आपोआप दिसतो. पोळ्याला बैलाच्या गळ्यात घुंगरमाळ बांधतो, घशात कोणी बांधत नाही, नरड्यात तर नाहीच. म्हणजे गळा हा बाहेरून दिसणारा, हात फिरवता येणारा भाग. आपल्या वऱ्हाडीत ळ चा य होतो म्हणून जुनी माणसं "बैलाच्या गयात" म्हणतात, शब्द तोच. गाईच्या गळ्याखाली जी कातडी लोंबते तिला पोळी म्हणतात, संस्कृतात सास्ना, अन् ही सास्ना लई मानाची आहे कारण न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, गाईची व्याख्या करताना शिंगं नाही, शेपूट नाही, सास्ना असणं हीच गाईची खूण सांगितलेली आहे. शिंगं म्हशीलाही असतात, पण अशी पोळी म्हशीला कुठं असते! वर्ध्याकडची गवळाऊ गाय समोर उभी करा अन् म्हैस बाजूला, त्या व्याख्या करणाऱ्यानं जनावर किती नीट पाहिलं असेल ते कळतं.

घसा मात्र आतला. घसा कोरडा पडतो, घास घशाखाली उतरत नाही, ही सगळी आतली कामं. तोंडाची पोकळी मागं संपते, नाकातून येणारी हवाही तिथंच उतरते, अन् तिथून पुढं दोन नळ्या निघतात, एक फुप्फुसाकडं अन् एक पोटाकडं, ती सामाईक जागा म्हणजे घसा, शाळेच्या पुस्तकात तिला ग्रसनी म्हणतात. गिळताना श्वासाच्या नळीच्या तोंडावर झाकण पडतं, स्वरयंत्र वर उचलल्या जातं अन् घास मागच्या नळीत जातो, यात थोडी जरी गडबड झाली की ठसका.

इथं शब्द सोडून एक कामाचं सांगतो कारण खेड्यात हे दर पावसाळ्यात होतं. जनावराला बाटलीनं तेल किंवा औषध पाजताना लोक त्याचं तोंड पार आभाळाकडं करतात अन् जीभ बाहेर ओढून धरतात, अशानं त्याला गिळताच येत नाही, औषध झाकणाच्या बाजूनं श्वासाच्या नळीत उतरतं अन् दोन-तीन दिवसांनी न्यूमोनिया होतो. मग म्हणतात औषध लागू पडलं नाही. तोंड जेमतेम सरळ रेषेत ठेवायचं, जीभ मोकळी सोडायची, गालाच्या कोपऱ्यातून थोडं थोडं द्यायचं अन् खोकला आला की लगेच थांबून डोकं खाली सोडायचं. जनावर घशानं गिळतं, आपण ओतायचं नसतं.

आता नरडं. नरडं म्हणजे मुळात श्वासाची नळी अन् तिच्या वरचा टणक भाग, गळ्यावर समोरून हात ठेवला की जे कडक लागतं ते. विहिरीवरच्या इंजिनाचा सक्शन पाईप पाहिला असेल, त्याच्यात कडी असतात म्हणून पाण्याची ओढ लागली तरी तो चिपकत नाही, तसंच या नळीतही कुर्चेची कडी असतात, नाहीतर प्रत्येक श्वास ओढताना ती मिटली असती. गाय, शेळी, कुत्रा, माणूस यांच्यात ही कडी मागच्या बाजूला पूर्ण जुळत नाहीत, तिथं मांस असतं, खोकताना ते आवळलं की नळी बारीक होऊन हवा जोरात बाहेर फेकल्या जाते. कोंबडीची कडी मात्र पूर्ण गोल असतात, कोंबडी कापताना पाहिली असेल त्याला ती नळी आठवेल, बोटानं दाबली तरी पुन्हा गोल होते.

म्हणूनच मराठीत जीव जायचा प्रसंग आला की शब्द नरड्याचा येतो. नरडं दाबलं म्हणतो, नरडीचा घोट घेतला म्हणतो, घशाचा घोट घेतला असं कोणी म्हणत नाही. अन् चंद्रपूरकडं जिथं वाघाचं रोजचं आहे तिथं गुराखी "वाघानं गाईची नरडी धरली" असंच सांगतात, ते शब्दशः बरोबर आहे, कारण मोठं जनावर असलं की वाघ खालून नरडं जबड्यात धरून दाबून ठेवतो, रक्त वाहून जाण्यापेक्षा श्वास कोंडूनच ते जनावर मरतं. रानकुत्रे तसं करत नाहीत, ते पळता पळता मागून अन् पोटाकडून फाडतात, म्हणून त्यांच्या शिकारीच्या वर्णनात तुम्हाला नरडं हा शब्द सहसा सापडणार नाही.

आता तुमच्या कालवडीकडं येतो. कोय अडकली ती अन्ननलिकेत. ही नळी मऊ असते, कडी-बिडी काही नाही, घास नसला की ती चपटी पडलेली असते, अन् गाईच्या मानेत ती खाली येता येता श्वासाच्या नळीच्या डाव्या बाजूला सरकते. गाय रवंथ करत असताना तिच्या मानेच्या डाव्या बाजूला नीट पाहा, पोटातून गोळा सरसर वर येताना दिसतो, मग ती पन्नासेक वेळा चावते अन् तो परत खाली जाताना दिसतो. दिवसाचे ६ ते ८ तास तिचं हेच चालतं. तर वाटेत कोय अडकली तरी श्वास लगेच बंद होत नाही, दुसरी नळी मोकळीच असते, पण ढेकर बंद होतो अन् खरा धोका तोच आहे. पोटात चारा आंबून दिवसाला शेकडो लिटर गॅस तयार होतो, तो ढेकराशिवाय जाणार कुठं, मग डावी कूस फुगत जाते, फुगलेलं पोट फुप्फुसाला दाबतं अन् शेवटी श्वास अडतोच. म्हणून डॉक्टर कधीकधी आधी डाव्या कुशीतून सुई घालून गॅस काढतात अन् मग कोयीकडं पाहतात. गाईचा ढेकर आपल्याला ऐकू का येत नाही, याचंही उत्तर या घशातच आहे, ढेकरातला बराचसा गॅस घशातून आधी फुप्फुसात जातो अन् नंतर साध्या श्वासाबरोबर बाहेर पडतो.

मग आजी चुकल्या का? माझ्या मते नाही. बोलीत "नरड्यात अटकलं" म्हणजे मानेत कुठंतरी खोल, हाताला न येणाऱ्या जागी अटकलं, अन् घाबरलेला माणूस जोरदार शब्दच घेणार. डॉक्टर शब्दाचा नेमका अर्थ धरून बोलले, आजी प्रसंग धरून बोलल्या. फक्त डॉक्टरांना फोन करताना नरडं, घसा यात न पडता सरळ सांगायचं की लाळ गळून राहिली, पोट डाव्या बाजूनं फुगलं, मानेत गाठ हाताला लागते किंवा लागत नाही, म्हणजे ते तयारीनं येतात.

कंठ हा शब्द वेगळ्याच घरातला आहे, तो आवाजाचा. कंठ दाटून येतो, मुलगा मोठा झाला की कंठ फुटतो, काही ठिकाणी घाटी फुटली म्हणतात. गळाही आवाजासाठी चालतो, गोड गळ्याची बाई म्हणतोच, पण कंठ म्हटलं की मांस-हाडापेक्षा सूरच आठवतो. अन् गंमत अशी की पाखरांचा आवाज कंठातून येतच नाही! आपला, गाईचा, वाघाचा आवाज स्वरयंत्रातून येतो जे घशाच्या खाली लगेच आहे, पण पाखरांचं आवाजाचं इंद्रिय पार खाली छातीत असतं, जिथं श्वासाची नळी दोन फुप्फुसांसाठी फुटते तिथं. कोंबडा मान ताणून आरवतो म्हणून आपल्याला वाटतं आवाज मानेतून निघाला. गोंदिया-भंडाऱ्याकडच्या धानाच्या बांधीत सारस असतात, त्यांच्यात तर ही नळी छातीच्या हाडाच्या आत शिरून वेटोळं घेते, लांबच लांब नळी, म्हणून जोडीनं ओरडले की केवढ्या लांबून ऐकू येतात. पोपटाला कंठ फुटला म्हणतो ते गळ्याभोवती रंगीत पट्टा आला म्हणून, तो नरालाच येतो, त्याचा अन् बोलण्याचा काही संबंध नाही. दसऱ्याला आपल्याकडं ज्याचं दर्शन शुभ मानतात त्या नीळकंठाचा कंठ निळा नसतोच, तो तपकिरी-जांभळट असतो, निळे असतात ते पंख, म्हणून नीलपंख हे नाव मला जास्त बरोबर वाटतं. बेडकाचं पुन्हा वेगळंच, पावसाळ्यात डराव डराव करताना त्याचं तोंड बंद असतं, फुप्फुसातली हवा घशाखालच्या पिशवीत ढकलून तो आवाज काढतो अन् तीच हवा परत आत घेतो.

घटसर्पाचं उत्तर असं की शब्द एक, रोग दोन, अन् दोन्ही बरोबर. पुस्तकातला घटसर्प म्हणजे माणसाचा डिप्थेरिया, घशात पांढुरका पापुद्रा धरतो, लहान मुलांना त्याची लस देतात. गोठ्यातला घटसर्प म्हणजे गाई-म्हशींचा, काहीजण गळसुजी म्हणतात, त्याचा जंतूच वेगळा, पाश्चुरेला, अन् म्हशीला जास्त होतो. दोन्हीचा एकमेकांशी संबंध नाही, एकापासून दुसरा होत नाही, पण दोन्हीत घसा सुजतो अन् श्वासाला घरघर लागते म्हणून लोकांनी एकच नाव दिलं असेल तर त्यांची नजर बरोबर होती. नरड्याला कडी आहेत, घशाला नाहीत, त्यामुळं सूज आली की हवेचा रस्ता वरच्या तोंडालाच आवळतो. पाऊस लागायच्या आधी जनावरांना गोठ्यातल्या घटसर्पाची लस टोचून घेतात, कारण एकदा घरघर लागली की म्हैस एका दिवसातही जाते.

आता उरली पडजीभ. आरशात आ केला की टाळूच्या मागं मधोमध लोंबते ती पडजीभ, अन् गाय, शेळी, कुत्रा यांना ती नसते. श्वासाच्या नळीवरचं झाकण मात्र त्यांना असतं, बरेच लोक त्या झाकणालाच पडजीभ समजतात पण ते जिभेच्या मुळाशी खाली असतं, लोंबत नाही. कोंबडीला तेही झाकण नाही, तिच्या जिभेमागं नुसती एक चीर असते, चोच उघडून पाहिली तर श्वासाबरोबर उघडताना-मिटताना दिसते.