नौदल दिन ४ डिसेंबरलाच का असतो, आणि त्या दिवशी नौसैनिकांच्या कुटुंबांसाठी आपण काय करू शकतो?

४ डिसेंबर १९७१ च्या रात्री आपल्या निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र नौकांनी कराची बंदराजवळ हल्ला चढवला. ऑपरेशन ट्रायडंट म्हणतात ती हीच मोहीम. नौदल दिन तिच्या स्मरणार्थ.

पण मला त्याच आठवड्यातली ९ डिसेंबरची रात्रही तितकीच महत्त्वाची वाटते. दीवजवळच्या समुद्रात आपली युद्धनौका आयएनएस खुकरी बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेलेच नाहीत. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. या माणसांच्या घरच्यांना अंत्यदर्शनही मिळालं नाही. म्हणून विजयाच्या पोस्टबरोबर खुकरीचंही नाव घ्या, एवढी माझी मनापासून विनंती.

मदत करायची तर ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन असतो. १९४९ पासून. त्याचा निधी वीरपत्नी, माजी सैनिक आणि त्यांच्या मुलांच्या शिक्षणासाठी वापरतात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात देता येतो.

आणि ओळखीत कुणी नौसैनिक समुद्रावर असेल, तर त्याच्या घरी जाऊन या. महिनोन्‌महिने मुलांची शाळा, सासू-सासऱ्यांची दुखणी-खुपणी बायको एकटी सांभाळत असते. शुभेच्छा तिलाही द्या.