बर्थराइट : जन्मसिद्ध हक्क, जहागीर की वतन?

अमळनेरचा एक तरुण मित्र जुने संगणकीय खेळ खेळता खेळता मराठीतून समालोचन करतो. सध्या त्याने 'बर्थराइट : द गॉर्गन्स अलायन्स' हा १९९७चा खेळ घेतलाय. त्याचा प्रश्न असा : "नावातल्या 'बर्थराइट'ला काय म्हणू? जन्मसिद्ध हक्क म्हटलं की लोकमान्य टिळक समोर उभे राहतात, आणि पडद्यावर तर राक्षस!"

आधी खेळाविषयी दोन शब्द. टीएसआर कंपनीने १९९५ साली 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'साठी 'बर्थराइट' नावाचं एक जग तयार केलं, त्यावरच हा खेळ बेतलाय. नावातला गॉर्गन म्हणजे त्यातला मुख्य खलनायक. कथा अशी की एका महायुद्धात देव मेले आणि त्यांची शक्ती रणांगणावरच्या माणसांच्या रक्तात उतरली. त्यांचे वंशज आता राज्य करतात. ही शक्ती त्यांना जमिनीशी बांधते, राज्य नीट राखलं तर वाढते. म्हणजे रक्त, जमीन आणि अधिकार या तिन्ही गोष्टी एकाच गाठीत. अशा गाठीसाठी आपल्याकडे तयार शब्द आहे : वतन.

मूळ अरबी शब्दाचा अर्थ राहण्याचं ठिकाण, मायभूमी. हिंदी-उर्दूत तो 'देश' या अर्थानेच राहिला. मराठीत मात्र तो गावकीत शिरला आणि वंशपरंपरेने चालणारं काम, त्याबद्दलचा हक्क आणि मान असं सगळंच त्यात मावलं. आमच्या गावी पोळ्याला वेशीतलं तोरण आधी कुणाचा बैल ओलांडणार यावरून दर दोन-चार वर्षांनी जुंपायची. आजोबा गोंडे बांधलेल्या बैलाचा कासरा हातातून न सोडता एवढंच म्हणायचे, "हाई आमनं वतन शे." मुलकी पाटीलकी १९६२च्या कायद्याने गेली होती, दफ्तर तलाठ्याकडे होतं. उरला होता तो बैलाचा मान, आणि तोच त्यांना सोडवत नव्हता.

'जहागीर' चालणार नाही. "तुझ्या बापाची जहागीर आहे का?" असं आपण भांडणात म्हणतो खरं, पण जहागीर ही वरून मिळते आणि वरचा ती काढूनही घेतो. ती मुरून पिढीजात झाली तर गोष्ट वेगळी. शिरपूरजवळचं थाळनेर बघा. फिरोजशहा तुघलकाने मलिक राजा फारुकीला तो मुलूख १३७० साली नेमून दिला. त्याच्या घराण्याने मग १६०१ पर्यंत, म्हणजे अकबराने असीरगड घेईपर्यंत, खानदेशावर राज्य केलं. 'मिरास', म्हणजे पिढीजात जमिनीचा हक्क, जवळची आहे, पण तिला शेतसाऱ्याचा वास जास्त, सिंहासनाचा कमी.

आता एक अडचण सांगायलाच हवी. वतन हा सगळ्यांच्याच तोंडी गोड शब्द नाही. महार वतन म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांची राबणूक. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात त्याविरुद्ध विधेयक आणलं होतं. त्यामुळे ऐकणाऱ्यांपैकी कुणाला हा शब्द टोचला तर त्यात त्याची चूक नाही. तरी मी तोच सुचवीन, कारण खेळातला हक्कही काही सोज्वळ नाही. तिथे वारसा असलेल्याच्या काळजात शस्त्र खुपसून त्याची शक्ती आपल्या रक्तात ओढून घेता येते! त्याला खेळात 'ब्लडथेफ्ट' म्हणतात, पण 'रक्तचोरी' असा शब्दशः अनुवाद करू नकोस. अंधारात कुणी बाटली पळवल्यासारखं वाटतं. बांध कोरणाऱ्या भाऊबंदासाठी आपण जे क्रियापद वापरतो तेच घे : वतन बळकावलं.

राज्य करणाऱ्याला खेळात 'रीजंट' म्हणतात, त्याला शब्दकोशातला 'राजप्रतिनिधी' नको. या जगात साम्राज्याचं सिंहासन रिकामंच आहे आणि जो तो आपापल्या मुलखाचा धनी आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात वतनदारांना लहान पण स्वतंत्र देशनायकच म्हटलंय, ते इथे चपखल बसतं. तेव्हा 'वतनदार'.

राहिला 'अलायन्स'. 'युती' म्हटलं की जागावाटप आठवतं. 'गॉर्गनची जूट' म्हण. आणि शीर्षकात नुसतं 'वतन' ठेवलंस तर हिंदीवाल्यांना देशभक्तीचा खेळ वाटेल, म्हणून 'रक्ताचं वतन' कर.