स्कॅनमध्ये चमकते ते काय? : अणुवैद्यक तपासण्यांविषयी वाचकांचे प्रश्न

हृदयविकार आणि कर्करोग यांच्या निदानासाठी केल्या जाणाऱ्या अणुवैद्यक तपासण्यांविषयी आलेल्या पत्रांपैकी काही निवडक प्रश्नांना या वेळी उत्तरे देत आहे. अत्यल्प किरणोत्सारी औषध शरीरात सोडायचे आणि ते कोठे व किती जमते हे बाहेरून कॅमेऱ्याने टिपायचे, हे या सर्व तपासण्यांमागचे तत्त्व आहे. ते प्रथम वापरणारे रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज द हेवेशी यांना त्यासाठी 1943 सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रश्न : माझ्या वडिलांचे वय 63 वर्षे आहे. जिना चढताना त्यांना छातीवर दाब जाणवतो. अँजिओग्राफीत एका रक्तवाहिनीत 60 टक्के अडथळा आढळला; पण स्टेंट लगेच न बसवता डॉक्टरांनी आधी स्ट्रेस थॅलियम करून घ्यायला सांगितले. अडथळा दिसलाच आहे, तर आणखी एक तपासणी कशासाठी?

उत्तर : अँजिओग्राफीत रक्तवाहिनी आतून किती अरुंद झाली आहे ते दिसते. तिच्यावर अवलंबून असलेल्या स्नायूला पुरेसे रक्त पोहोचते की नाही, हे मात्र त्या चित्रावरून दर वेळी ठरवता येत नाही. अडथळा 90 टक्क्यांचा असेल तर सहसा शंका उरत नाही. पण 50 ते 70 टक्क्यांच्या दरम्यानचा अडथळा एका रुग्णाला काहीच त्रास देत नाही आणि दुसऱ्याला जिन्याच्या मध्यावर थांबायला लावतो, कारण अडथळ्याची लांबी, त्या वाहिनीवर पोसला जाणारा स्नायू आणि शेजारच्या वाहिन्यांकडून मिळणारी मदत या गोष्टी माणसागणिक वेगळ्या असतात. तुमच्या वडिलांच्या डॉक्टरांनी योग्य प्रश्न विचारला आहे, असे माझे मत आहे.

श्रमाच्या वेळी हृदयाच्या स्नायूला किती रक्त मिळते हे पाहणाऱ्या या तपासणीला लोक पूर्वीच्या औषधावरून अजूनही थॅलियमच म्हणतात, तरी आता बहुतेक ठिकाणी टेक्नेशियम-99एम जोडलेले सेस्टामिबी हे औषध वापरतात. व्यायाम ऐन भरात असताना ते शिरेतून दिले जाते. निरोगी रक्तवाहिनी अशा वेळी आपला प्रवाह कित्येक पटींनी वाढवते, तर अरुंद वाहिनीला ते जमत नाही. सेस्टामिबी रक्तप्रवाहाच्या प्रमाणात हृदयाच्या पेशींत शिरते आणि तेथेच अडकून राहते. त्यामुळे छायाचित्रे पाऊण-एक तासाने, रुग्ण शांत झोपलेला असताना घेतली, तरी त्यांत दिसते ती इंजेक्शन दिल्या क्षणाची स्थिती. नंतर, किंवा दुसऱ्या दिवशी, विश्रांतीच्या अवस्थेतही हेच केले जाते.

पडद्यावर हृदयाचा डावा कप्पा उभ्या छेदात घोड्याच्या नालेसारखा दिसतो. व्यायामाच्या चित्रात त्या नालेचा एखादा भाग फिका पडला आणि विश्रांतीच्या चित्रात तो भरून आला, तर तेथील स्नायू जिवंत आहे पण श्रमाच्या वेळी उपाशी राहतो, असा अर्थ होतो. दोन्ही चित्रांत तो फिकाच राहिला, तर बहुधा तेथे जुन्या झटक्याचा व्रण असतो. 'बहुधा' म्हणण्याचे कारण असे की पुरुषांमध्ये श्वासपटल आणि स्त्रियांमध्ये स्तनाची ऊती काही किरणे अडवतात आणि निरोगी भागही फिका भासतो. म्हणून पालथे झोपवून पुन्हा चित्रे घेतात, किंवा सीटीच्या साहाय्याने दुरुस्ती करतात.

एक मर्यादा सांगितली पाहिजे. तिन्ही मुख्य वाहिन्या सारख्याच अरुंद असतील, तर स्नायू सर्वत्र सारखाच उपाशी राहतो आणि चित्र फसवे, एकसारखे दिसू शकते. अशा वेळी व्यायामानंतर कप्पा फुगला का, त्याची आकुंचनशक्ती घटली का, याकडे अनुभवी डॉक्टर लक्ष देतात. रुबिडियम-82 किंवा नायट्रोजन-13 अमोनिया वापरून केलेल्या हृदयाच्या पेट (PET) या वेगळ्या प्रकारच्या स्कॅनमध्ये तर रक्तप्रवाह मिलिलिटरमध्ये मोजता येतो. परंतु रुबिडियमचे अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सार निम्म्यावर येण्याचा काळ, जेमतेम सव्वा मिनिट आणि नायट्रोजनचे 10 मिनिटे असल्यामुळे ही सोय मोजक्याच केंद्रांत असते.

प्रश्न : गुडघ्यांमुळे मला ट्रेडमिलवर चालता येत नाही. त्यासाठी इंजेक्शन देतात असे कळले. मग चहा-कॉफी आदल्या दिवसापासून बंद ठेवायला का सांगतात?

उत्तर : अ‍ॅडिनोसिन किंवा रेगाडेनोसॉन या औषधांनी हृदयाच्या रक्तवाहिन्या प्रसरण पावतात आणि व्यायामाशिवायच प्रवाहातील फरक उघड होतो. ही औषधे पेशींवरील ज्या ग्राहींना चिकटून काम करतात, कॅफिन नेमक्या त्यांच्यावरच जाऊन बसते आणि औषधाचा परिणाम रोखते. एका कपामुळे सदोष वाहिनीही निर्दोष भासू शकते, तेव्हा हा नियम मनापासून पाळा. कोला, चॉकलेट आणि डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही कॅफिन असते. इंजेक्शननंतर छाती जड होणे, चेहरा तापणे, धाप लागणे असे थोडा वेळ वाटते. अ‍ॅडिनोसिन रक्तात काही सेकंदांतच नाहीसे होते, त्यामुळे घाबरू नका. दमा असल्यास मात्र आधीच सांगा. अशा वेळी हृदयाचे ठोके वाढवणारे डोब्युटामिन हे औषध पर्याय असते.

प्रश्न : माझ्या आईच्या स्तनाच्या कर्करोगावरील उपचार दोन वर्षांपूर्वी पूर्ण झाले. आताच्या पेट-सीटीच्या अहवालात छातीच्या मध्यभागी दोन्ही बाजूंच्या लसीकाग्रंथींमध्ये 'वाढलेले शोषण, एसयूव्ही 5.2' असे लिहिले आहे. रोग परत आला, असे समजायचे का?

उत्तर : एवढ्यावरून तसे समजू नका. पेट तपासणीत दिले जाणारे एफडीजी हे ग्लुकोजचेच एक रूप असून त्याला फ्लोरिन-18 जोडलेले असते. पेशी ते साखर समजून आत घेतात, पण पुढे त्याचे पचन होत नाही आणि ते आतच साचते. कर्करोगाच्या अनेक पेशी साखर अधिक वापरतात, हे ओटो वॉरबुर्ग यांनी 1920 च्या दशकातच दाखवले होते. मात्र साखरेची भूक केवळ त्यांनाच असते असे नाही. क्षयरोग, सारकॉइडोसिस (ग्रंथींना सूज आणणारा, कर्करोग नसलेला आजार), नुकताच झालेला संसर्ग, शस्त्रक्रियेनंतरची भरून येणारी जखम, या सर्वांत झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशीही एफडीजी भरपूर घेतात. मेंदू आणि मूत्राशय तर प्रत्येक निरोगी माणसात उजळलेले असतात. छातीतील दोन्ही बाजूंच्या ग्रंथी सारख्या प्रमाणात चमकत असतील, तर सारकॉइडोसिससारखा सौम्य आजारही प्रकर्षाने विचारात घ्यावा लागतो.

एसयूव्ही हा आकडा पाहून रुग्णांची झोप उडते, हे मी जाणतो. शोषण किती, याचे ते मोजमाप आहे. अमुक आकड्याच्या पुढे कर्करोग आणि अलीकडे नाही, अशी रेषा त्यात नाही. शिवाय रक्तातील साखर, इंजेक्शन आणि स्कॅन यांच्यातील अंतर, यंत्र यांनुसार तो बदलतो. म्हणूनच चार ते सहा तास उपाशी ठेवतात, साखर 200 मिलिग्रॅमच्या वर असेल तर तपासणी बहुधा पुढे ढकलतात, आणि इंजेक्शननंतर तासभर उबदार खोलीत न बोलता, न चालता पडून राहायला सांगतात. थंडीने कुडकुडणाऱ्या माणसाच्या मानेतील तपकिरी चरबीही एफडीजी ओढून घेते आणि ग्रंथींचा भास निर्माण करते.

जुने स्कॅन असतील तर ते नव्याशेजारी ठेवून वाचायला द्या. शंका राहिलीच, तर श्वासनलिकेतून दुर्बीण घालून सुईने ग्रंथीचा नमुना घेता येतो. त्याचा अहवाल येईपर्यंत उपचार सुरू करण्याची किंवा आशा सोडण्याची घाई कोणीही करू नये.

प्रश्न : घरी चार महिन्यांचे बाळ आहे आणि पत्नीला अशी तपासणी सांगितली आहे. किरणोत्साराचा धोका किती?

उत्तर : निसर्गातून जगभरातील माणसाला वर्षाला सरासरी सुमारे 2.4 मिलिसिव्हर्ट किरणोत्सार मिळतो. हाडांच्या स्कॅनमध्ये साधारण 4, तर हृदयाच्या टेक्नेशियम तपासणीत साधारण 10 मिलिसिव्हर्ट मिळतो. पेट-सीटीत सीटीच्या पद्धतीनुसार त्याहून अधिकही असू शकतो. धोका शून्य नाही, पण तो लहान आहे आणि निदान चुकण्याचा धोका बहुधा त्याहून मोठा असतो. टेक्नेशियमचे अर्धायुष्य 6 तास आणि फ्लोरिन-18 चे 110 मिनिटे असल्यामुळे दुसऱ्या दिवसापर्यंत फारसे काही उरत नाही. भरपूर पाणी प्यावे, वारंवार लघवीला जावे आणि त्या दिवशी बाळाला फार वेळ कुशीत घेऊ नये. दूध किती वेळ पाजू नये हे औषधानुसार ठरते, म्हणून आधी विचारून दूध काढून ठेवावे. पुन्हा गर्भधारणेची शक्यता असेल, तर ती इंजेक्शनपूर्वीच सांगणे अत्यावश्यक आहे.

प्रश्न : वडिलांना प्रोस्टेटचा कर्करोग आहे. साधे पेट न करता 'पीएसएमए पेट' करा, असे का सांगितले?

उत्तर : प्रोस्टेटच्या बऱ्याच गाठी साखर फारशी घेत नाहीत, त्यामुळे एफडीजीत त्या नजरेतून सुटतात. त्यांच्या पेशींच्या पृष्ठभागावर पीएसएमए नावाचे प्रथिन मात्र मुबलक असते, आणि गॅलियम-68 जोडलेला रेणू त्यालाच जाऊन चिकटतो. याच लक्ष्यावर बसणाऱ्या रेणूला ल्युटेशियम-177 जोडून पसरलेल्या रोगावर उपचारही करतात, आणि त्याआधी गाठी तो रेणू खरोखर धरतात का, हे याच स्कॅनने पाहिले जाते.