प्लेटलेटची 'धूळ' चांगली की वाईट?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांना डेंग्यू झाला, प्लेटलेट १८ हजारांवर उतरल्या, पिशव्या चढवल्या, ते बरे झाले. आता त्यांच्या झिजलेल्या गुडघ्यासाठी एका क्लिनिकने 'प्लेटलेट एक्सोसोम'चं इंजेक्शन सुचवलंय. प्लेटलेटमधून निघणारे हे कण चांगले की वाईट, आणि इंजेक्शन घ्यावं का?

इंजेक्शनचं आधी सांगतो: माझे वडील असते तर मी घेऊ दिलं नसतं. मी डॉक्टर नाही, रक्तपेढीत तंत्रज्ञ म्हणून बावीस वर्षं काढली आहेत. त्यामुळे उपचाराचा निर्णय त्यांच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.

प्लेटलेट म्हणजे अस्थिमज्जेतल्या मेगाकॅरिओसाइट नावाच्या दांडग्या पेशीचा तुटलेला तुकडा. दोन-तीन मायक्रॉनची चकती, केंद्रक नाही, आयुष्य आठवडा-दहा दिवसांचं. ती चेतली (म्हणजे कामाला लागली) किंवा म्हातारी झाली की तिच्या आवरणाला बुडबुडे येतात आणि ते तुटून रक्तात सुटतात. हे कण साधारण १०० ते १००० नॅनोमीटरचे (हजार नॅनोमीटर म्हणजे एक मायक्रॉन). एक्सोसोम त्याहून लहान असतात आणि ते आवरणातून न तुटता प्लेटलेटच्या पोटातल्या पिशव्यांमधून बाहेर पडतात. जाहिरातीत सगळ्यालाच एक्सोसोम म्हणतात, तिथूनच घोळ सुरू होतो.

१९४६ साली शारगाफ आणि वेस्ट या शास्त्रज्ञांनी प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पेशींविना उरणारा द्रव, यंत्रात फार वेगाने फिरवला, तर तो गोठायला जास्त वेळ लागू लागला. म्हणजे गोठवणारं काहीतरी तळाशी बसलं होतं. १९६७ मध्ये पीटर वुल्फ यांनी त्या गाळाला 'प्लेटलेटची धूळ' म्हटलं. नाव असं पडलं की पुढे बरीच वर्षं लोकांनी ती धूळ म्हणूनच झटकली.

पण ही धूळ कामाची आहे. पेशीच्या आवरणाला दोन थर असतात आणि फॉस्फॅटिडिलसेरीन नावाचा मेदपदार्थ नेहमी आतल्या थरात दडवलेला असतो. प्लेटलेट चेतली की आत कॅल्शियम वाढतं, स्क्रॅम्ब्लेज नावाचं प्रथिन दोन्ही थरांची सरमिसळ करतं आणि तो मेदपदार्थ बाहेर येतो. रक्त गोठवणाऱ्या घटकांना बसायला पाट मिळतो म्हणा ना. २००७ च्या एका अभ्यासात, तेवढ्याच पृष्ठभागाची तुलना केली तर या कणांची गोठवण्याची ताकद चेतलेल्या प्लेटलेटच्या ५० ते १०० पट भरली. उलट बाजूचा पुरावा म्हणजे स्कॉट सिंड्रोम. या दुर्मीळ आजारात ती सरमिसळच होत नाही, कण नीट सुटत नाहीत, आणि प्लेटलेटची संख्या नॉर्मल असूनही माणसाला रक्तस्राव होतो. सीबीसीचा (रक्तपेशी मोजणाऱ्या तपासणीचा) आकडा बघून निर्धास्त होणाऱ्यांना मी नेहमी हेच उदाहरण देतो.

म्हणून 'चांगले की वाईट' याला एका शब्दात उत्तर नाही. जखमेपाशी हा पाट हवा, हृदयाच्या धमनीत नको.

डेंग्यूत काय होतं तेही सांगतो. विषाणू प्लेटलेटला चेतवतो. अशा प्लेटलेटमधून सुटणारे कण इंटरल्युकिन-१ बीटा नावाचं दाह वाढवणारं प्रथिन घेऊन फिरतात, आणि त्यामुळे रक्तवाहिनीच्या अस्तरातून गळती वाढते असं २०१३ मध्ये प्रयोगशाळेत दिसलं. डेंग्यूत खरी भीती असते ती या प्लाझ्मा गळतीची. नातेवाईक मात्र 'आज किती?' एवढंच विचारतात. प्लेटलेट २० हजारांवर किंवा खाली, पण मोठा रक्तस्राव नाही, अशा प्रौढांवर सिंगापूर-मलेशियात झालेली चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. केवळ आकड्यासाठी प्लेटलेट चढवल्याने रक्तस्राव टळतो असं तिच्यात दिसलं नाही, त्रास मात्र वाढला. तुमच्या डॉक्टरांनी का चढवल्या हे मी इथून सांगू शकत नाही. रक्तस्राव असेल तर गोष्टच वेगळी.

पिशवीतही धूळ तयार होतेच. २० ते २४ अंशांवर अ‍ॅजिटेटरवर हलत असलेल्या पिशवीची मुदत सहसा पाच दिवस. आम्ही पिशवी उजेडासमोर धरून हळूच हलवायचो. आत ढगासारखी चमकदार लहर फिरली की चकत्या शाबूत. दिवस सरतात तसे कण वाढतात, काहींसोबत मायटोकॉन्ड्रियाही (पेशीतली ऊर्जा तयार करणारी केंद्रं) बाहेर पडतात. त्यांचा रक्त चढवल्यानंतरच्या प्रतिक्रियांशी संबंध असल्याचं २०१४ मध्ये मांडलं गेलं.

आता गुडघा. २०१० मध्ये एरिक बोइलार्ड आणि सहकाऱ्यांनी ऱ्हुमॅटॉइड आमवाताच्या रुग्णांच्या सांध्यातल्या द्रवात हेच प्लेटलेटचे कण दाखवले, आणि ते सांध्यातल्या पेशींना चिथावून दाह वाढवतात असंही. तुमच्या वडिलांचा आजार झिजेचा आहे, त्यामुळे हा निष्कर्ष जसाच्या तसा लावू नका. पण 'कण म्हणजे फक्त दुरुस्ती करणारे' हा विक्रीचा सूर खोटा आहे एवढं त्यातून नक्की कळतं. कॅन्सरमध्येही तसंच: काही प्रयोगांत हे कण गाठीला पसरायला मदत करतात, तर उंदरांवरच्या एका प्रयोगात त्यांनी गाठीची वाढ रोखली.

शिवाय हे कण मोजणंच अवघड. पेशी मोजणाऱ्या साध्या फ्लो सायटोमीटर यंत्राला त्यातले बरेचसे दिसत नाहीत. प्लाझ्मा दोनदा फिरवून प्लेटलेट पूर्ण काढल्या नाहीत आणि तो तसाच फ्रीझरमध्ये गोठवला, तर वितळताना नवे कण तयार होतात आणि आकडा फुगतो. मग 'इतके अब्ज एक्सोसोम' असं बाटलीवर छापलेलं असेल, तर ते कुणी, कसं मोजलं? डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने मंजुरी नसलेल्या एक्सोसोम उत्पादनांबद्दल जाहीर इशारा दिला होता.

क्लिनिकला तीन गोष्टी लेखी विचारा: कण कुणाच्या रक्तातून काढले, दात्याच्या कोणत्या तपासण्या झाल्या, आणि हा उपचार म्हणजे नोंदणीकृत वैद्यकीय चाचणी (रुग्णांवरचा प्रयोग) असेल तर पैसे का घेताय? त्यांनी काही कागद दिला असेल तर नावं झाकून इथे टाका, वाचून सांगतो.